प्रकल्प नोंदी : गुलामांच्या व्यापाराविरुद्धचे कायदे, बारा फलकांत

३ जून

वाचनालयाच्या खालच्या दालनात बारा फलक लावायचं आज नक्की झालं. विषय आहे गुलामांचा व्यापार मोडून काढण्यासाठी एकोणिसाव्या शतकात झालेले कायदे. उद्घाटन २३ ऑगस्टला, म्हणजे या व्यापाराच्या स्मरणासाठी युनेस्कोनं ठरवलेल्या दिवशी. हातात अकरा आठवडे आहेत.

काम करणारे आम्ही चौघं. इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी, मांडणी करणारा डीटीपीवाला दादा आणि मी. माझं रोजचं काम कोर्टाच्या कागदांचं भाषांतर करण्याचं : खरेदीखतं, जबाब, निकालपत्रं. त्यामुळे मूळ कलमं मराठीत आणण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

बैठकीत एकांनी विचारलं, अटलांटिकच्या गोष्टी नाशकात कशाला? सरांनी नुसतं खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. शरणपूर रोड. रिक्षावाल्याला आपण दिवसातून दोनदा हे नाव सांगतो. त्यातलं 'शरण' कुणाला मिळालं होतं, हे शेवटच्या दोन फलकांवर येईल.

६ जून

पहिला निर्णय शब्दाचा. माणूस जन्मतः गुलाम नसतो, त्याला कुणीतरी गुलाम करतं. म्हणून आमच्या वाक्यांत 'गुलाम केलेली माणसं' असं लिहायचं. कायद्याचं नाव आणि कलमाचा मजकूर मात्र जसा आहे तसा ठेवायचा, तिथे 'गुलाम' असेल तर 'गुलाम'च. त्या काळच्या कायद्याच्या तोंडी आजची भाषा घालायची नाही.

दुसरं, ब्रिटिश संसदेत या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्सचा मोठा फोटो लावायचा नाही. त्यांचं काम मोठंच होतं आणि ते फलकावर येईल. पण एका माणसाचा चेहरा मध्यभागी आला की बघणारा बाकीचं वाचत नाही. आम्हाला कलमं वाचायला लावायची आहेत.

१० जून

फलक १ आणि २. डेन्मार्कच्या राजानं १७९२ मध्ये हुकूम काढला आणि तो १८०३ पासून अमलात आला. मग १८०७चा ब्रिटिश कायदा. २३ फेब्रुवारीला कॉमन्स सभागृहात २८३ विरुद्ध १६ मतं, २५ मार्चला राजाची संमती. १ मे १८०७ पासून ब्रिटिश बंदरांतून या व्यापारासाठी जहाज सोडायला बंदी. जी जहाजं आधीच निघाली होती त्यांना माणसं उतरवायला १ मार्च १८०८ पर्यंत मुभा. अमेरिकेनंही त्याच मार्चमध्ये कायदा केला आणि १ जानेवारी १८०८ पासून गुलाम आयात करायला बंदी घातली.

सरांचा आग्रह आहे की पहिल्याच फलकावर ठळक अक्षरांत लिहायचं : बंद झाला तो व्यापार, गुलामी नव्हे. अगदी बरोबर. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत जी माणसं आधीपासून राबत होती ती तशीच राबत राहिली. त्यांच्यासाठीचा कायदा १८३३चा. तो १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला, आणि त्यानंतरही 'उमेदवारी' म्हणजे काम शिकणं, या नावाखाली १८३८ पर्यंत त्यांच्याकडून जुन्याच मालकांकडे काम करून घेतलं गेलं. नुकसानभरपाईचे २ कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांसाठी. राबणाऱ्यांना एक पै मिळाली नाही. हे भाषांतरित करताना मी दोनदा मूळ मजकूर तपासला, चुकून उलटं तर वाचलं नाही ना म्हणून.

१४ जून

चार दिवस एका शब्दाशी अडले आहे.

१८०७च्या कायद्यात प्रश्न असा होता, की नौदलानं जहाज पकडलं, आत तीनशे माणसं सापडली, त्यांचं करायचं काय? कायद्याच्या नजरेत ती कुणाची तरी मालमत्ता होती. मालकाचा हक्क तोडायचा तर मालमत्ता आधी कुणाकडे तरी जायला हवी. म्हणून कलम म्हणतं की ही माणसं महाराजांकडे जप्त व्हावीत, आणि लगेच पुढे जोडतं की हे फक्त बाकी सगळ्यांचे हक्क खोडून काढण्यापुरतंच.

'जप्त' म्हणजे रोजच्या कोर्टात काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. पंचनामा, लाखेचं सील, सुतळीला बांधलेली चिठ्ठी, मुद्देमाल क्रमांक. मी पहिल्या खर्ड्यात सवयीनं 'सरकारजमा' लिहिलं. रात्री वाचताना अंगावर काटा आला. माणूस सरकारजमा! पण मग लक्षात आलं की मूळ कायद्यात नेमकं हेच आहे. सुटका झाली, पण सुटका करायला माणसाला आधी वस्तू म्हणून जप्त करावं लागलं. हा शब्द मऊ करायचा नाही. 'सरकारजमा' तसाच राहील.

पुढचं कलम तर अधिक बोलकं आहे. सोडवलेल्यांना सैन्यात किंवा नौदलात भरती करावं, नाहीतर जास्तीत जास्त १४ वर्षांच्या करारानं कुणाच्या हाताखाली उमेदवार म्हणून लावावं. करारावर त्या माणसाची संमती असली तर उत्तम, असं नाही. ती विचारायचीच नाही. आणि पकडणाऱ्या जहाजाला सरकारी इनाम : पुरुषामागे ४० पौंड, बाईमागे ३०, लहान मुलामागे १०. हे दर १८२४ मध्ये सरसकट माणशी १० पौंडांवर आणि १८३० मध्ये ५ पौंडांवर आले.

दादाला म्हटलं, हे आकडे सारणीत टाकू नकोस. बाजारभावाच्या पाटीसारखं दिसेल. त्यानं वाक्यातच ठेवले.

१७ जून

फ्रीटाऊनचा फलक. पकडलेल्या जहाजांचा निवाडा करणारं न्यायालय पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनमध्ये बसत असे आणि जहाजांवरून सोडवलेली माणसं तिथे उतरवली जात. नोंदवही ठेवलेली असे. त्यात क्रमांक, नाव, पुरुष की स्त्री, वय, उंची, अंगावरच्या खुणा असे रकाने. नाव जसं कानावर पडलं तसं लिहिलेलं. लिहिणाऱ्याला ती भाषा येत नसे, आणि सांगणाऱ्याला आपण का सांगतो आहोत हे बहुधा कळत नसे.

आमच्याकडच्या जुन्या जेल रजिस्टरातही 'डाव्या गालावर व्रण, उजव्या दंडावर गोंदण' असंच असतं. तेच रकाने. मी त्या फलकासाठी रकान्यांची नावंच मराठीत लिहून दिली आणि खाली ओळी मोकळ्या आखायच्या ठेवल्या. मुलगी म्हणाली, मोकळ्या नको, एका तरी माणसाचं खरं नाव हवं. तिचं म्हणणं पटलं. नावं बाराव्या फलकावर आहेत, तिथे बाण दाखवायचा.

१९ जून

फलक ४, दंड आणि शिक्षा. १८०७च्या कायद्यानं व्यापाऱ्याला माणशी १०० पौंड दंड ठेवला होता. एवढा दंड असूनही धंदा चालू राहिला, कारण पकडलं जाण्याचा धोका व्यापाऱ्यांनी खर्चात धरला. म्हणून १८११ मध्ये ब्रिटिश खासदार हेन्री ब्रूअम यांनी नवा कायदा आणला : दंड नव्हे, १४ वर्षांपर्यंत काळं पाणी. इथे 'हद्दपारी' लिहिलं तर वजन येत नाही, म्हणून 'काळं पाणी'च ठेवलं, जरी ते पाणी अंदमानचं नव्हतं. १८२४ मध्ये हा गुन्हा चाचेगिरी ठरवला गेला आणि शिक्षा झाली फाशीची.

अमेरिकेत १८२० मध्येच चाचेगिरी ठरवली होती. पण त्या कायद्याखाली फासावर गेला तो एकच कप्तान, नॅथॅनियल गॉर्डन. त्याचं 'एरी' जहाज ऑगस्ट १८६० मध्ये काँगो नदीच्या मुखाजवळ पकडलं गेलं. आत ८९७ माणसं, त्यात निम्म्याहून जास्त लहान मुलं. न्यूयॉर्कमध्ये २१ फेब्रुवारी १८६२ ला त्याला फाशी झाली. कायदा झाल्यापासून फाशीपर्यंत ४२ वर्षं गेली. फलकावर या दोन तारखा एकाखाली एक लावायच्या.

२५ जून

आजची नोंद लांब होणार, कारण हा फलक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडनं आपला कायदा केला, पण दुसऱ्या देशाचं निशाण लावलेल्या जहाजाला हात लावायचा कसा? १८१६ मध्ये 'ल लुई' नावाचं फ्रेंच जहाज पकडलं आणि पुढल्या वर्षी न्यायमूर्ती सर विल्यम स्कॉट यांनी ते सोडून दिलं. शांततेच्या काळात परक्या जहाजाची झडती घ्यायचा हक्क कुणालाच नाही, असा निकाल. निकाल कायद्याला धरूनच होता. त्यामुळे प्रत्येक देशाशी वेगळा तह करणं भाग पडलं. स्पेनला त्यासाठी ४ लाख पौंड मोजले. दोन्ही देशांचे न्यायाधीश असलेली मिश्र न्यायालयं फ्रीटाऊन, हवाना, रिओ दि जानेरो इथे बसली.

पण सुरुवातीच्या तहांत एक अट होती. झडतीच्या वेळी जहाजावर गुलाम प्रत्यक्ष असले पाहिजेत, तरच जहाज धरता येईल. म्हणजे बेड्या, फळ्या, पाणी सगळं भरून एखादं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभं आहे, माणसं अजून किनाऱ्यावरच्या कोंडवाड्यात आहेत, आणि नौदलाच्या बोटीनं नुसतं बघत बसायचं. ही पळवाट होती, आणि तिच्यातून शेकडो जहाजं गेली.

ती बुजवणारं कलम स्पेनशी झालेल्या १८३५च्या तहात नीट उतरलं. मी त्याला 'सामानाचं कलम' म्हणते आहे. माणसं नसली तरी सामान बघा. यादीत काय काय आहे : डेकवरच्या तोंडांना बंद झाकणांऐवजी जाळीची झाकणं, गरजेपेक्षा जास्त आडभिंती, मधे आणखी एक मजला घालता येईल अशा सुट्या फळ्या, बेड्या, साखळ्या, हातकड्या, खलाशांना लागेल त्याहून कितीतरी जास्त पाणी, जास्तीची रिकामी पिंपं, जेवणाची जास्तीची लाकडी घमेली, तांदूळ, मका, कसाव्याचं पीठ यांचा अवाजवी साठा, आणि अन्न शिजवायचं भलं मोठं भांडं, किंवा एकाहून अधिक भांडी. पिंपं पामतेलासाठी नेतो आहोत असं म्हणणाऱ्यानं बंदरावरच्या कस्टमचा दाखला दाखवायचा. यातलं काहीही सापडलं तर जहाज गुलामांच्या व्यापारात आहे असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याचा भार जहाजवाल्यावर.

त्या भांड्याला काय म्हणावं ते कळेना. बॉयलर म्हटलं की कारखाना डोळ्यांसमोर येतो. पातेलं म्हटलं तर घरचं. म्हणून लग्नाकार्याचा स्वयंपाक करणाऱ्या एका आचारीकाकांकडे गेले. त्यांना यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, "ताई, ही काहील. जहाजावर माणसं किती?"

म्हटलं, खलाशी तीसेक असतील.

"तिसांना काहील लागत नाही. तिसांचं दोन मोठ्या पातेल्यांत होतं. काहील चढवली म्हणजे तीनशे-चारशे पानं." जरा थांबून त्यांनी विचारलं, "मग ही पानं कुणाची?"

ज्या प्रश्नावर कायदा करायला इंग्लंडला १८०७ पासून १८३५ पर्यंत वेळ लागला, तो काकांनी काहील बघून विचारला. फलकावर 'काहील' हाच शब्द जाईल आणि त्याखाली काकांचा प्रश्न. त्यांनी नाव घालू नका म्हटलंय.

आणखी एक बारीक गोष्ट त्याच तहातली. जप्त जहाज लिलावात काढायचं नाही, तोडून सुटे भाग विकायचे. आधी लिलाव होत असत आणि तीच जहाजं फिरून त्याच व्यापाऱ्यांकडे जात.

२ जुलै

हिंदी महासागर. इथे अटलांटिकचे नियम चालत नाहीत. मोठी जहाजं नाहीत. डाऊ म्हणजे अरबी गलबतं, किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणारी, त्यांत थोडी गुलाम केलेली माणसं आणि बाकी लवंग, हस्तिदंत, खजूर.

१८२२ मध्ये ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन मोर्सबी यांनी मस्कतचे सुलतान सय्यद सईद यांच्याशी करार केला. नकाशावर एक रेघ ओढली : आफ्रिकेतल्या केप देलगादोपासून, सोकोत्रा बेटाच्या पूर्वेकडून, थेट आपल्या दीवच्या टोकापर्यंत. रेघेच्या पूर्वेला माणसं नेणारं सुलतानाच्या प्रजेचं गलबत सापडलं तर ते पकडायचं. पश्चिमेला, म्हणजे झांजिबार ते मस्कत, वाहतूक चालू. १८४५च्या हॅमर्टन करारानं आफ्रिकेतून अरबस्तानाकडची निर्यात बंद केली, १८४७ पासून. पण सुलतानाच्या आफ्रिकेतल्या बंदरांमधली आपसातली ने-आण तेवढी मोकळी ठेवली. गलबत त्यातल्या उत्तरेकडच्या लामू बंदरापर्यंत कायदेशीर, तिथून पुढे अंधारात उत्तरेला.

दादानं ती रेघ नकाशावर काढली तेव्हा दीवचं टोक बघून सगळेच गप्प झालो.

५ जुलै

भारताचा फलक. १८३३च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. इथला कायदा म्हणजे १८४३चा पाचवा. अवघी चार कलमं, एका कागदावर मावतील. सरकारी अंमलदारानं वसुलीसाठी माणूस गुलाम म्हणून विकायचा नाही. गुलामीचा हक्क कुठल्याही कोर्टानं बजावून द्यायचा नाही. स्वतः कमावलेली मालमत्ता 'हा गुलाम होता' या कारणावरून काढून घ्यायची नाही. स्वतंत्र माणसाशी केल्यावर जो गुन्हा ठरतो, तो गुलाम म्हणवल्या जाणाऱ्याशी केला तरी गुन्हाच.

विद्यार्थिनीनं बरोबर पकडलं : 'गुलामी बेकायदा आहे' असं यात कुठेच नाही. कोर्टाचं दार मालकाच्या तोंडावर बंद केलं, एवढंच. विकत घेणं-विकणं हा फौजदारी गुन्हा झाला तो १८६०च्या दंड संहितेत, कलम ३७० आणि ३७१. सराईतपणे असा व्यवहार करणाऱ्याचं कलम आजच्या न्याय संहितेतही १४५ क्रमांकानं आहे.

सरांनी आणखी एक ओळ घालायला लावली. हा व्यापार फक्त गोऱ्यांचा आणि अरबांचा नव्हता. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम केलेल्या बायकांच्या, खरेदी-विक्रीचे उल्लेख आहेत. 'कुणबीण', 'बटीक' हे आपल्या भाषेतले शब्द आहेत आणि आजही शिवीसारखे वापरले जातात. ती ओळ फलकाच्या तळाशी न ठेवता वर घेतली.

९ जुलै

फलक बघायला आलेल्या फोंड्याच्या एका मावशी म्हणाल्या, गोवा कुठे आहे? राहिलाच होता. पोर्तुगीज जहाजांतून मोझांबिकची माणसं गोव्यात, दमण-दीवला येत. पोर्तुगालनं १० डिसेंबर १८३६ च्या फर्मानानं आपल्या सगळ्या मुलखांत हा व्यापार बंद केला, पण घरात ठेवलेली माणसं तशीच राहिली. फेब्रुवारी १८६९ मध्ये गुलामी रद्द झाली तरी 'मुक्त' ठरलेल्यांना १८७८ पर्यंत जुन्याच धन्याचं काम करायला लावण्याची तरतूद होती. ब्रिटिशांच्या उमेदवारीचीच पोर्तुगीज आवृत्ती. दुसऱ्या फलकाशी जोडलं.

१८ जुलै

मोठी चूक झाली आणि ती माझीच. फाइलीत 'गुलाम' शोधून 'गुलाम केलेली माणसं' असं एका फटक्यात बदलायला मी दादाला सांगितलं. त्यानं बदललं. त्यामुळे सगळीकडेच बदललं, कलमांतही, कायद्यांच्या नावांतही. 'गुलामगिरी'चं 'गुलाम केलेली माणसंगिरी' झालं. सात फलकांची प्रुफं छापून आली होती. ६ जूनचा निर्णय मीच लिहून ठेवला होता आणि मीच मोडला. दोन रात्री बसून प्रत्येक ठिकाण हातानं तपासलं : हे आमचं वाक्य की कायद्याचं? छपाईचा जादा खर्च मी भरते आहे. यापुढे शोधा-बदला वापरायचं नाही.

त्या तपासणीतून एक फायदाही झाला. कायद्यांच्या मजकुरात 'माणूस' हा शब्द किती कमी वेळा येतो ते ओळीओळीनं दिसलं.

२६ जुलै

विद्यार्थिनीचा प्रश्न दोन आठवडे लोंबकळत होता : अंमलबजावणी नसलेल्या कायद्याचा उपयोग काय? ब्राझीलचं उदाहरण तिनंच काढलं होतं. ७ नोव्हेंबर १८३१ चा कायदा म्हणतो की यापुढे ब्राझीलच्या भूमीवर आणलेला प्रत्येक गुलाम स्वतंत्र समजावा. आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत लाखो माणसं आणली गेली. तिथे या कायद्याला 'इंग्रजांना दाखवण्यापुरता' म्हणतात. आपण दाखवायचे दात म्हणू. शेवटी इंग्लंडनं १८४५ मध्ये अॅबर्डीन कायदा करून ब्राझीलची जहाजं धरायला सुरुवात केली आणि ब्राझीलच्याच १८५० च्या केइरोझ कायद्यानंतर आयात खरोखर थांबली.

आज तिला लुईस गामा यांची गोष्ट सांगितली. जन्म १८३०, साल्वादोर शहरात. आई स्वतंत्र आफ्रिकन. गामा दहा वर्षांचे असताना त्यांच्या गोऱ्या बापानंच त्यांना विकलं. सतराव्या वर्षी अक्षर शिकले, आपण जन्मानं स्वतंत्र आहोत याचा पुरावा मिळवला आणि सुटले. पुढे साओ पावलोत पदवी नसताना परवान्यावर वकिली केली. आणि कोर्टात त्यांनी कुठला कायदा काढला? तोच १८३१चा, मेलेला. या माणसाला आफ्रिकेतून १८३१ नंतर आणलंय, म्हणजे तो कायद्यानं त्या दिवसापासून स्वतंत्र आहे, मालकानं त्याला बेकायदा डांबून ठेवलंय. वय आणि आगमनाचं वर्ष सिद्ध करायचं, बस. अशी पाचशेहून अधिक माणसं त्यांनी सोडवली. १८८२ मध्ये ते गेले. ब्राझीलची गुलामी संपली १८८८ मध्ये. तिथल्या वकिलांच्या संघटनेनं २०१५ साली त्यांना वकील ही पदवी बहाल केली.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, म्हणजे कायदा रद्द झाला नव्हता, हीच गोष्ट कामाला आली." हो. कुणीतरी कागद टाकून दिला नव्हता. मी वीस वर्षं कोर्टाचे कागद भाषांतरित करते. त्यातले बरेच पुन्हा कुणी उघडणार नाही असं वाटतं, तरी प्रत्येक तारीख तपासते. गामा फलक ९ वर आले. आधी तो इनामांवरचा फलक होता, तो आटोपून फलक ४ मध्ये बसवला.

६ ऑगस्ट

फलक १०, झांजिबार १८७३. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रियर सुलतान बरघश यांच्याकडे बोलणी करायला गेले आणि रिकाम्या हातानं परतले. मग तिथले ब्रिटिश वकील, म्हणजे सरकारचे प्रतिनिधी, जॉन किर्क यांनी बंदराची कोंडी करण्याची धमकी दिली आणि ५ जून १८७३ ला करारावर सही झाली. गुलामांचा बाजार बंद. त्या जागी आज कॅथेड्रल उभं आहे. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेनं आधीचे कायदे एकत्र करून नवा कायदा केला.

एक गोष्ट गुळगुळीत करायची नाही. झांजिबारचा जकातीचा मक्ता वर्षानुवर्षं जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता आणि माणशी जकात तिथेच गोळा होई. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या घरीही गुलाम केलेली माणसं होती. १८६० च्या सुमारास वकील रिग्बी यांनी त्यातली हजारो मुक्त केली. समितीत यावर कुरबुर झाली. सरांनी मजकूर शांतपणे पुन्हा वाचून दाखवला, आणि तो राहिला.

१४ ऑगस्ट

फलक ११, शरणपूर. गलबतांवरून सोडवलेली मुलं मुंबईत उतरत. पुढे प्रश्न तोच, १८०७चा : आता यांचं करायचं काय? चर्च मिशनरी सोसायटीनं १८५४ मध्ये नाशिकजवळ वसवलेल्या शरणपुरात रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस होते. मुलांना तिथे आणलं. सुतारकाम, लोहारकाम, अक्षरओळख. १८६६ मध्ये आफ्रिकेचा शोध घेणारे डेव्हिड लिव्हिंगस्टन तिकडे निघाले तेव्हा नऊ मुलं इथून त्यांच्याबरोबर गेली. पुढे १८७०च्या दशकात प्राइस स्वतः मोंबासाजवळ फ्रियर टाउन वसवायला गेले आणि नाशिकची कितीतरी माणसं तिकडे जाऊन शिक्षक, धर्मोपदेशक, कारागीर झाली. तिथे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत.

शरणपुरातच शिकलेला जेकब वेनराइट मागाहून लिव्हिंगस्टनना जाऊन मिळाला. १८७३ मध्ये आफ्रिकेत चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी लिव्हिंगस्टन वारले. त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं तेव्हा प्रार्थना वाचली ती जेकबनं, आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानंच कोरली. कोरायला शिकला होता तो इथे, गोदेच्या काठच्या गावात. सोबत्यांनी देह काही महिने चालत किनाऱ्याला आणला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता.

२२ ऑगस्ट

बारावा फलक आज दुपारी टांगला. त्यावर फक्त नावं : सायमन प्राइस. रिचर्ड आयझेनबर्ग. एडवर्ड गार्डनर. अँड्र्यू पॉवेल. रूबेन स्मिथ. जेम्स रटन. अब्राहम. अल्बर्ट बराका. नथानियल माब्रुकी. खाली वेगळ्या ओळीत जेकब वेनराइट.

प्राइस हे शरणपूरच्या पाद्रीसाहेबांचं आडनाव. आयझेनबर्ग हेही एका पाद्र्याचं. आईबापांनी ठेवलेली नावं बहुतेकांची गेली. बराका आणि माब्रुकी या दोन शब्दांत तेवढी तिकडची भाषा उरली आहे.

आचारीकाका संध्याकाळी येऊन गेले. काहिलीच्या फलकापाशी उभे राहिले, मग शेवटच्या फलकाशी आले आणि नावं मोठ्यानं वाचली. फ्रीटाऊनच्या फलकावरचा बाण अजून चिकटवायचा आहे. तो उद्या सकाळी सातला, दार उघडायच्या आधी. दादा शिडी घेऊन येतोय.